लेकीचं ब्रॅम्प्टनचं घर आणि इथला प्लॉट

लेकीने कॅनडात ब्रॅम्प्टनला घर पाहिलंय आणि तू सेक्टरातला रिकामा प्लॉट विकून तिला ते एक पैशाचंही कर्ज न काढता घेऊन द्यायचं म्हणतोस. हौस चांगली आहे. पण बयाना घेण्याआधी काकूचं ऐक. तुझे काका चंडीमंदिरला होते तेव्हा मी चंदीगडला बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर होते. इथल्या कोठ्यांचे डॉलर कसे होतात आणि वाटेत कुठे अडकतात, ते पुष्कळ पाहिलंय.

प्लॉट वीक, राहती कोठी नाही. सूनबाईंनाही हे सांग, कारण मुलांच्या प्रेमात पहिली सही आईच करते. कोठी मागे राहिली तर पुढे वारसाहक्काने लेकीकडेच जाईल. तेव्हा ती विकून आलेली रक्कम तिला अनिवासींच्या एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत तिकडे नेता येते. तुला आत्ता वर्षाला जे अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यांच्या ती चौपट आहे. मग म्हातारपणी भाड्याच्या घरात राहायची घाई कशाला?

हुडाचे, म्हणजे हरियाणाच्या शहर विकास प्राधिकरणाचे, प्लॉट विकणारे एजंट पहिल्याच बैठकीत विचारतात, ‘व्हाइट में कितना?’ तू म्हणायचं, सगळं. नंबर दोनचे पैसे बेकायदा तर आहेतच, शिवाय तुझ्या कामाचेही नाहीत. बँकेतून ते जाणार नाहीत आणि हवालाच्या वाटेला लागलास तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. तिकडच्या बँका आणि वकीलही पैसा कुठून आला ते विचारतात. तेव्हा कमी भावात गेला तरी चालेल, पण पूर्ण रक्कम खात्यात आणि रजिस्ट्रीवर दिसू दे.

नफ्यावरचा कर आधीच बाजूला काढ. जुन्या मालमत्तेच्या पैशातून नवं घर घेतलं की कर माफ, असं तुला कुणीतरी नक्की सांगेल. ती सवलत 2014 च्या अर्थसंकल्पापासून फक्त भारतातल्या घराला आहे, ब्रॅम्प्टनच्या घराला नाही. प्लॉट 23 जुलै 2024 च्या आधीचा आहे, म्हणून महागाईची वजावट न घेता 12.5 टक्के किंवा ती घेऊन 20 टक्के, यातला कमी भरेल तो कर तुला लागेल. दोन्ही आकडे सीएकडून मांडून घे. प्लॉट 2001 च्या आधीचा असेल तर 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन करून घे, त्याने नफा बराच खाली येतो.

आता पैसे पाठवायचं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलर पाठवता येतात. तुझे वेगळे, सूनबाईंचे वेगळे. 2004 मध्ये योजना आली तेव्हा ही मर्यादा पंचवीस हजार होती, आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळला तेव्हा तर परदेशी घर घेणंच काही काळ बंद केलं होतं. सरकारचा हात असा कधीही आखडतो, म्हणून बोलणी पक्की झाल्यावर रेंगाळू नकोस. आणि परदेशातल्या मालमत्तेसाठी पैसे पाठवायला इथली बँक तुला कर्ज देऊ शकत नाही. म्हणजे तुझ्या बाजूने रोख हा एकच रस्ता आहे. कर्ज काढायचंच तर ते लेकीने तिकडे काढायचं.

घरावर तुमचं दोघांचं नाव घालायचा मोह सोड. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून परक्यांना शहरांमधली घरं विकत घ्यायला बंदी केली आहे आणि तिची मुदत 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली आहे. लेकीला पीआर, म्हणजे तिथला कायमचा रहिवास, आहे, तिला बंदी नाही. तुम्हाला आहे. त्यात आपल्याकडचा नियम असा की घरासाठी घरच्यांच्या मर्यादा एकत्र करायच्या तर प्रत्येकजण त्या घराचा सहमालक हवा. म्हणून दोघांनी आपापल्या खात्यातून लेकीला भेट म्हणून पैसे पाठवा, बँकेच्या ए-टू फॉर्मवर कारण ‘भेट’ लिहा. घर तिच्या नावावर असलं की तुझ्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा रकाना भरायची कटकटही राहत नाही. तो रकाना चुकवणाऱ्याला दहा लाखांचा दंड बसू शकतो.

टीसीएसबद्दल, म्हणजे पाठवतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराबद्दल, शेजारी तुला हमखास उलटं सांगतील. वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कापते. एक कोटी एकट्याने पाठवलेस तर अठरा लाख गेले. ते परत मिळतात, पण रिटर्न भरल्यावर. म्हणून लोक रक्कम मार्च-एप्रिलमध्ये, दोन वर्षांत फोडतात. तुझं गणित निराळं आहे. ज्या वर्षी प्लॉट विकशील त्याच वर्षी पाठव आणि प्लॉट ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यातून जास्त जाऊ दे. कापलेला टीसीएस त्याच वर्षीच्या नफ्याच्या करातून वजा होतो, मग अडकून राहतो तो फार थोडा. सूनबाईंना मात्र तेवढा कर नसतो, त्यांच्या नावाने कापलेलं परताव्याची वाट बघत बसेल. बँकेच्या काउंटरवरचा दर तर कधीच मुकाट्याने घेऊ नकोस. एक लाख कॅनेडियन डॉलरवर पन्नास पैशांचा फरक म्हणजे पन्नास हजार रुपये. मॅनेजरशी घासाघीस कर, ते ऐकतात.

मग पूर्ण रोखीने घ्यावं का? माझं मत, नाही. तिथे 20 टक्क्यांच्या आत डाउन पेमेंट असेल तर कर्जाचा विमा घ्यावा लागतो, तो टळेल इतकं तू आरामात दे. अर्ध्यापर्यंत दे. बाकीचं त्यांनी फेडू दे. तिथलं कर्ज साधारण पंचवीस वर्षांचं, पण दर बहुतेक पाच वर्षांचाच ठरतो, नंतर नव्याने. 2022 च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा दर 0.25 टक्के होता, जुलै 2023 मध्ये 5 झाला, आणि त्याच काळात टोरंटोच्या आसपासच्या घरांच्या किमतीही उतरल्या. त्या वेळी कर्ज लहान असलेली घरं तगली. पण सगळा पैसा भिंतीत घालून बसलेल्यालाही, नोकरी गेल्यावर त्याच घरावर कर्ज मागितलं की बँक पगाराची स्लिप मागते. बँका दरवर्षी मूळ कर्जाच्या दहा ते वीस टक्के दंडाशिवाय भरू देतात, म्हणून मागे ठेवलेला पैसा नंतरही टाकता येतो. कर्ज काढताना तिकडची बँक तुमच्याकडून ‘ही भेट आहे, उसनी रक्कम नाही’ असं पत्र मागेल. ते खरं असेल तरच सही कर, मनात परतफेड धरून नको.

एक नाजूक गोष्ट, जावयासमोर बोलू नकोस. ऑन्टॅरिओच्या कायद्यात लग्नानंतर आईवडिलांकडून मिळालेली भेट नवरा-बायकोच्या वाटणीतून वगळतात, पण तीच भेट राहत्या घरात घातली की ही सवलत जाते. जावई सोन्यासारखा आहे, मलाही आवडतो. तरी लेकीने तिथल्या वकिलाला एकदा विचारावं. दोघांचा करार करता येतो आणि त्यात अपमान मानण्यासारखं काही नाही.

रोखीचा ग्राहक म्हटला की एजंट म्हणतो, तपासणी सोडा, लगेच घर तुमचं. सोडायची नाही. छत, तळघरातली ओल, घर गरम ठेवणारी भट्टी, आणि तळघर भाड्याने दिलेलं असेल तर त्याची परवानगी, सगळं बघायला लाव. आणि पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी ‘खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला, तर उत्तर देऊ नकोस. लेकीला सांग, वकिलाच्या कार्यालयाचा आधीपासून असलेला नंबर फिरवायचा, आकडे तोंडी म्हणवून घ्यायचे, मग तू इथे फॉर्मवर सही करायची.