विद्यार्थ्याची मोटार आणि विम्याचा हिशेब

शाळेच्या शेवटच्या परीक्षेनंतर आपल्यापैकी पुष्कळांचा मार्ग निपाणीच्या बसस्थानकावरून दोन दिशांना फुटतो. कोणी बेळगावच्या महाविद्यालयात जातो, तर कोणी कोल्हापूरच्या. अठरावे वर्ष सरले आणि परवाना हाती आला, म्हणजे घरातील जुनी मोटार किंवा अल्प किमतीत घेतलेली वापरलेली गाडी आपल्या स्वाधीन होते. मग वडील पहिला प्रश्न विचारतात, "विमा स्वस्तात कोठे मिळेल?" प्रश्न योग्यच आहे. पण विम्याच्या हप्त्यातील कोणती रक्कम कशासाठी आहे, हे ठाऊक असल्यावाचून त्याचे उत्तर सापडत नाही.

विम्याचे दोन भाग

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग परक्याच्या हानीचा. विमा उतरविणारा हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा आणि आपल्या गाडीखाली सापडलेला वाटसरू हा तिसरा. म्हणून त्याला तृतीय पक्षाचा विमा म्हणतात. हा विमा सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही सक्ती आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून अमलात आली. सध्याच्या १९८८ च्या कायद्यात ती १४६ व्या कलमात आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या हानीचा. तो उतरविणे न उतरविणे मालकाच्या इच्छेवर आहे.

कायद्याने सक्ती पहिल्या भागाचीच का केली? एक उदाहरण घेऊ. तीस वर्षांचा, महिना १२,००० रुपये मिळविणारा आणि घरी तीन माणसे अवलंबून असलेला एक मजूर अपघातात मरण पावला, असे समजा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या रीतीने हिशेब असा होतो : वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये, त्यात भावी वाढीचे शेकडा ४० मिळविले की २,०१,६०० रुपये, त्यातून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एकतृतीयांश वजा करता १,३४,४०० रुपये, आणि या वयाचा गुणक १७ असल्याने एकूण २२,८४,८०० रुपये. किरकोळ बाबी याहून निराळ्या. विमा नसेल, तर ही रक्कम मोटारीच्या मालकाने, म्हणजे बहुधा आपल्या वडिलांनी, द्यावयाची. शेत वा घर विकल्यावाचून ती किती घरांतून निघेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

जेथे घासाघीस चालत नाही

या सक्तीच्या विम्याचे दर केंद्र शासन ठरविते. १ जून २०२२ पासून अमलात आलेल्या दरांप्रमाणे १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस ७,८९७ रुपये असा आकार ठरला. ७५ ते १५० घनसेंटिमीटरच्या दुचाकीस तो ७१४ रुपये होता. वस्तू व सेवा कर त्यावर वेगळा. विजेवर चालणाऱ्या वाहनांस या दरांत शेकडा १५ सूट मिळाली. हे दर सर्व कंपन्यांना सारखेच असतात. तेव्हा "तृतीय पक्षाचा विमा अर्ध्या किमतीत देतो," असे कोणी सांगू लागला, तर तेथे सावध व्हावे. पैसे दिल्यावर गाडीच्या क्रमांकावरून शासनाच्या परिवहन सेवेच्या नोंदीत विमा दिसतो की नाही, हे पाहून घ्यावे.

इंग्लंड-अमेरिकेत तरुण चालकाकडून प्रौढापेक्षा पुष्कळ अधिक हप्ता घेतात. आपल्याकडे या सक्तीच्या विम्याचा आकार चालकाच्या वयावर नव्हे, तर वाहनाच्या प्रकारावर आणि इंजिनाच्या आकारावर अवलंबून आहे. म्हणून विद्यार्थ्याची पहिली काटकसर विमा घेताना नव्हे, तर गाडी निवडतानाच होते. लहान इंजिनाची गाडी घेणाराचा हप्ता दरवर्षी वाचतो.

जेथे बचत होऊ शकते

स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर मात्र २००७ पासून खुले झाले. येथे तीन-चार कंपन्यांचे दर मागवून ताडून पाहणे फायद्याचे असते; परंतु तुलना करताना गाडीची विम्यातील किंमत सर्वत्र एकच धरावी. ही किंमत कमी दाखविली, तर हप्ता उतरतो खरा, पण गाडी चोरीस गेल्यास भरपाईही तेवढीच कमी मिळते. गाडी अगदी जुनी होऊन तिची किंमतच थोडी उरली असेल, तर हा दुसरा भाग वगळून केवळ सक्तीचा विमा घेण्यास हरकत नाही.

सीमेपलीकडील पत्त्यावर विमा स्वस्त पडतो, अशी समजूत आपल्या भागात कोणी करून घेऊ नये. जुन्या दरपत्रकात खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग होते. मुंबई, पुणे, बंगळूर इत्यादी आठ शहरे पहिल्या विभागात आणि उर्वरित सारा देश दुसऱ्यात. १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतील मोटारीस पहिल्यात शेकडा ३.१२७ आणि दुसऱ्यात ३.०३९ असा दर होता. म्हणजे तीन लाखांच्या गाडीमागे सारा फरक २६४ रुपयांचा. आणि बेळगाव व कोल्हापूर तर एकाच विभागात!

खरी बचत आहे ती दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सुटीत. व्यवहारात हिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या निर्दोष वर्षानंतर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० अशी ती वाढते. स्वतःच्या गाडीच्या विम्याचा मूळ हप्ता ६,००० रुपये आहे आणि सोयीसाठी तो स्थिर आहे, असे समजा. पाचव्या वर्षी दार चेपले व दुरुस्तीस २,५०० रुपये लागले. दावा केला, तर सक्तीची १,००० रुपयांची वजावट जाऊन १,५०० हाती येतील. परंतु सूट बुडाल्यामुळे पुढील वर्षी ३,००० ऐवजी पूर्ण ६,००० भरावे लागतील. दीड हजारासाठी तीन हजार घालविणे हा कसला व्यवहार? किरकोळ दुरुस्ती पदरच्या पैशाने करावी आणि विमा मोठ्या संकटासाठी राखावा. मात्र मुदत संपल्यावर ९० दिवसांत विम्याचे नूतनीकरण केले नाही, तर ही साठविलेली सूट नाहीशी होते. शिवाय मध्यंतरी गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हाच आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यास आहे.

सीमेपलीकडून गाडी घेताना

'एमएच ०९' अशी कोल्हापूरची पाटी असलेली गाडी निपाणीत विकत घेतली जाते, हे नित्याचेच. अशा वेळी तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊन नोंदणी आपल्याकडे करून घ्यावी आणि विमापत्रावरील नाव बदलण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. तृतीय पक्षाचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या हानीचा विमा मात्र तसा आपोआप जात नाही. विकणाराची सूटही घेणारास मिळत नाही, कारण ती गाडीची नसून माणसाची असते.

सर्वांत महाग विमा

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विमा कितीही पूर्ण असला, तरी चालकाजवळ परवाना नसेल, तर तो घरच्यांच्या उपयोगी पडत नाही. कंपनीने अपघातग्रस्तास पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करून घ्यावेत, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दाखवून दिली आहे. मजुराच्या उदाहरणातील ते बावीस लाख अशा प्रकारे पुन्हा वडिलांच्याच दाराशी येऊन उभे राहतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून, परवान्यावाचून वाहन चालविताना गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो; गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास गिअर नसलेल्या, ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलीचा परवाना मिळू शकतो. मोटारीस अठरा पूर्ण हवीत. शिकाऊ परवाना असणाराने शेजारी परवानाधारक बसवूनच मोटार चालवावी.

तात्पर्य, स्वस्त विमा हा दुकानोदुकानी हिंडून शोधण्याचा जिन्नस नाही. लहान गाडी, वेळेवर भरलेला हप्ता, जपलेली सूट, आपल्या नावाचे विमापत्र आणि खिशातील परवाना या पाच गोष्टींनी तो आपणच स्वस्त करावयाचा असतो. स्तवनिधीच्या घाटातून जाताना समोरून सायकलीवर येणारा मनुष्यही कोणाच्या तरी घरचा आधार असतो. त्याच्या घराची आणि आपल्या घराची सोय एकाच कागदात झालेली आहे, हे ध्यानी ठेवले म्हणजे वर्षाचे ते २,०९४ रुपये भरताना कोणासही जड वाटणार नाहीत.