घाम : व्यायामाचा आणि आजाराचा

रुग्णसेवेबरोबरच आरोग्यशिक्षण हेही आपल्या न्यासाचे कर्तव्य आहे. त्या हेतूने वार्षिक अहवालात एक लेख देण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदाचा विषय रुग्णांच्या नातेवाइकांनीच सुचविला, असे म्हणावयास हरकत नाही.

हृदयशस्त्रक्रियेनंतर नियमित चालावयास जाणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नी व चिरंजीव आमच्या कार्यालयात आले होते. "पूर्वी यांना अर्ध्या तासाने घाम येई, आता दहा मिनिटांतच सदरा ओला होतो. अशक्तपणा वाढला असावा, म्हणून आम्ही चालणे बंद केले," असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की प्रकृती बिघडलेली नाही, उलट सुधारली आहे. तीन आठवड्यांचा व्यायाम मात्र विनाकारण बुडाला. दुसऱ्या एका कुटुंबाने याच्या नेमके उलट केले. रात्री वडिलांना दरदरून थंड घाम सुटला असता "पित्त झाले असेल" असे समजून त्यांनी पंखा लावला आणि सकाळची वाट पाहिली. तो हृदयविकाराचा झटका होता. रुग्णाचे प्राण वाचले. परंतु गेलेले तास आणि हृदयाच्या स्नायूची झालेली हानी भरून निघाली नाही. घामाचा अर्थ नीट न कळल्याने दोन्ही घरांचे नुकसान झाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

घाम कशासाठी?

आपण चालतो तेव्हा स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो; उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकली नाही, तर शरीराचे तापमान झपाट्याने वाढेल. त्वचेत सुमारे 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्राची आज्ञा होताच त्या घाम स्रवू लागतात. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र थंडावा मिळतो तो घामाची वाफ झाल्याने. ओघळून जमिनीवर पडलेल्या थेंबाचा उपयोग नाही. म्हणूनच कोकणातील दमट हवेत अंग भिजूनही जीव कासावीस होतो, तर विदर्भातील कोरड्या उन्हात घाम दिसतही नाही, पण शरीरातील पाणी मात्र वेगाने कमी होत असते.

सराव वाढला की काय बदलते?

काही आठवडे नियमित व्यायाम केला, की शरीर शहाणे होते. अंतर्गत तापमान थोडेसे वाढताच, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर, घाम सुटू लागतो आणि तितक्याच तापमानाला तो अधिक प्रमाणात येतो. रक्तातील द्रवभाग वाढतो. त्यामुळे त्वचेकडे रक्त पोहोचविताना हृदयावर ताण कमी पडतो आणि तेवढ्याच चालीला नाडीचे ठोके कमी होतात. उष्ण हवेची सवय झाली, की घर्मग्रंथी घामातील मीठ पुष्कळसे परत शोषून घेतात व घाम पातळ होतो. थोडक्यात, शरीर पाणी सढळ हाताने खर्च करते आणि मीठ राखून ठेवते.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत 1930 च्या दशकापासून या गुणाचा पद्धतशीर उपयोग करण्यात आला. तेथील उष्ण, दमट हवेत उष्माघाताने कामगार दगावत असत. नव्या कामगारांना एकदम पूर्ण काम न देता उष्ण हवेत थोडे थोडे श्रम वाढवीत नेण्याची पद्धत तेथे सुरू झाली. उष्णतेची ही सवय साधारण एक ते दोन आठवड्यांत बरीचशी जडते आणि खंड पडल्यास काही आठवड्यांत ओसरते. आजारपणानंतर किंवा उन्हाळ्याच्या आरंभी व्यायाम पुन्हा बेतानेच का सुरू करावा, याचे उत्तर येथेच मिळते.

तथापि घामावरून दोन व्यक्तींची तुलना करू नये. स्थूल व्यक्तीला अधिक भार वाहावा लागत असल्यानेही घाम फार येतो. तसेच व्यायामानंतर काट्यावर लगेच घटलेले वजन हे चरबीचे नसून पाण्याचे असते. प्रगती ओळखावयाची ती अशी : तेच अंतर, तीच चाल, पण दम कमी लागतो, चालताना बोलता येते आणि थांबल्यावर नाडी लवकर पूर्ववत होते.

धोक्याचा घाम कोणता?

व्यायामाचा घाम श्रमाबरोबर येतो, त्वचा उबदार असते आणि विश्रांती घेतली की तो थांबतो. याउलट स्वस्थ बसले असता किंवा अल्प श्रमाने थंड, चिकट घाम सुटला आणि जोडीला छातीत दडपण, हात वा जबडा दुखणे, श्वास लागणे, मळमळ यांपैकी काही असेल, तर क्षणही दवडू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहींना कधीकधी छातीत न दुखताही झटका येतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घामासह थरथर, भूक वा गोंधळ जाणवल्यास साखर उतरल्याची शक्यता असते. रुग्ण शुद्धीवर असल्यास लगेच साखर द्यावी. हृदयरोगाच्या काही औषधांमुळे अशा वेळी धडधड व थरथर जाणवत नाही, पण घाम येतोच. तेव्हा तीच एक खूण उरते. उन्हात श्रम करताना भान हरपले व अंग तापले, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजून अंग त्वरित थंड करावे आणि रुग्णालय गाठावे.

व्यायाम करणाऱ्यांनी पाणी पुरेसे प्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी व मीठ यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. मीठ-साखरेचे पाणी सर्वांना सरसकट मानवत नाही.

शस्त्रक्रियेने मिळालेले आरोग्य टिकविण्याचे काम अखेर घरातच होते. देणगीदारांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या उपचारांचे चीज व्हावयाचे, तर घामाची ही भाषा घरातील प्रत्येकाला कळली पाहिजे. शंका आल्यास व्यायाम परस्पर बंद करू नये आणि धोक्याची खूण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये, एवढीच आमची नम्र विनंती.