केंद्र आहे, तरी नदीत केंदाळ का?

प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया केंद्र असूनही पंचगंगेत केंदाळ का माजते?

उत्तर : कोल्हापुरात जयंती नाल्याचे पाणी अडवून, पंपांनी उपसून कसबा बावड्यातील दररोज 76 दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्राकडे पाठवले जाते, जेथे टाक्यांत हवा सोडून पोसलेले जिवाणू मैल्यातील सेंद्रिय पदार्थ खातात, त्यांचे तपकिरी पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात आणि वरचे नितळ पाणी सोडून दिले जाते. त्यामुळे ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, पुष्कळ घटते. परंतु मैल्यातील व साबणातील नत्र आणि स्फुरद वेगळी प्रक्रिया केल्याशिवाय पुरते निघत नाहीत, आणि बंधाऱ्यांनी संथ झालेल्या पात्रात केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, त्यांच्यावरच पोसते. शेतातून वाहून येणारी खतेही त्यात भर घालतात.

खरी मेख मात्र केंद्राच्या अलीकडे, उपशाच्या ठिकाणी आहे. कारण वीज गेली किंवा पावसाचे पाणी नाल्यात शिरले की पंप अपुरे पडतात आणि मैला नाल्यावरील बंधाऱ्यावरून थेट नदीत उतरतो. नदीकाठच्याच इचलकरंजीत 2012 मध्ये दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती, हे लक्षात घेता पंपांसाठी पर्यायी विजेची तरतूद ही चैन ठरत नाही. म्हणून नागरिकांनी महापालिकेला केवळ केंद्राची क्षमता न विचारता, रोज प्रत्यक्षात किती सांडपाणी तेथे पोहोचते, याचा हिशेब मागावा.