प्रिंटर दिसतो, पण छापत नाही

प्रश्न : घरच्या संगणकावर उबुंटू आहे. एचपी लेझरजेट १०२० यादीत दिसतो, पण कागद काही बाहेर येत नाही. नवा घ्यावा का? – एक वाचक, उमरगा

उत्तर : मुळीच नको. या प्रिंटरला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आतली आज्ञावली, साठवून ठेवता येत नाही. दर वेळी चालू केला की ते संगणकाकडून घ्यावं लागतं. उबुंटूत एचपीचे प्रिंटर चालवणारं एचपीलिप हे सॉफ्टवेअर असतं, पण त्याचा प्लगइन कंपनीच्या मालकीचा असल्याने वेगळा उतरवावा लागतो. इंटरनेट सुरू ठेवून टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्या आणि अटींना होकार द्या. रांगेत अडकलेली जुनी कामं आधी काढून टाका, नाहीतर तीच पानं भराभर निघतील! वीज जाऊन आली, तर प्रिंटर पुन्हा चालू करा. फर्मवेअर आपोआप चढतं. पुढे कधी नवा घेतलात, तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलेलं पाहून घ्या. अशा प्रिंटरला उबुंटूसारख्या लिनक्सवर सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.