विधिसंघर्षग्रस्त बालकांचे पुनर्वसन : योजनांची आखणी आणि मूल्यमापन

कायद्याशी संघर्ष झालेले मूल निरीक्षणगृहात दाखल झाले म्हणजे समाजाची जबाबदारी संपली, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुतः ती जबाबदारी तेथूनच सुरू होते. मूल संस्थेत काही आठवडे किंवा काही महिने राहते. पुढील सारे आयुष्य त्याला आपल्या गावात, आपल्या वस्तीतच काढावयाचे असते. म्हणूनच अशा मुलांसाठी आखलेल्या साहाय्य योजनेची खरी कसोटी संस्थेच्या आवारात नव्हे, तर आवाराबाहेर लागते.

कायद्याची वाटचाल

मुंबई इलाख्यात बालकांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला आणि १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक अधिनियम आला. पुढे १९८६, २००० आणि २०१५ साली संसदेने बाल न्यायविषयक कायदे संमत केले. त्यांपैकी २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी किमान एक महिला असते. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानावा, हे या कायद्याचे एक मूलतत्त्व होय.

आखणी मुलापासून सुरू व्हावी

परिवीक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकारी यांनी पंधरा दिवसांत सादर करावयाचा सामाजिक तपासणी अहवाल हा योजनेचा पाया आहे. दोन मुलांवर चोरीचा सारखाच आरोप असतो. परंतु एकाची शाळा तिसरीतच सुटलेली असते, तर दुसऱ्याच्या घरी व्यसनी पित्याची मारहाण असते. पहिल्याला शिक्षणाचा धागा पुन्हा जोडून द्यावा लागेल, तर दुसऱ्याच्या बाबतीत कुटुंबाचे समुपदेशन अधिक निकडीचे ठरेल. अहवाल ठरावीक साच्यात भरला गेला, तर हा भेदच पुसला जातो आणि सर्वांना एकच औषध दिले जाते.

मुदतीचाही विचार हवा. निरीक्षणगृहातील वास्तव्य चौकशीपुरते असते. तेथे वर्षभराचा व्यवसाय अभ्यासक्रम सुरू केला, तर बहुतेक मुले तो अर्धवट सोडून जातील. तेथे समुपदेशन, आरोग्य तपासणी, वाचन-लेखनाची उजळणी आणि कुटुंबाशी संपर्क यांवर भर देणे उचित. विशेष गृहात मात्र तीन वर्षांपर्यंत ठेवता येत असल्याने तेथे पूर्ण मुदतीचे प्रशिक्षण देता येते. जामिनावर घरी गेलेल्या वा परिवीक्षेवर सोडलेल्या मुलांना मात्र संस्थेचा आधार नसतो. त्यांच्यासाठी साहाय्य गावातच उभे करावे लागते.

यशाचे माप कोणते?

कायद्याने तपासणी आणि मूल्यमापन यांसाठी वेगवेगळी तरतूद केली आहे. तपासणी समितीने संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावयाची असते. खोल्या, आहार, स्वच्छता, नोंदवह्या यांची पाहणी त्यात होते. मूल्यमापनाचा प्रश्न निराळा आहे : या साऱ्यामुळे मुलाच्या जीवनात कोणता बदल झाला?

समजा, एका संस्थेतील चाळीस मुलांना विद्युतकामाचे प्रमाणपत्र मिळाले. अहवालात उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले, असे दिसेल. परंतु वर्षानंतर त्यांपैकी किती जण ते काम करीत आहेत, याची नोंद नसेल, तर तो आकडा केवळ खर्चाचा हिशेब ठरतो. म्हणून प्रवेशाच्या वेळची स्थिती, बाहेर पडतानाची स्थिती आणि सहा महिने व एक वर्षानंतरची स्थिती, अशा तीन नोंदी ठेवाव्यात. मूल शाळेत वा कामावर आहे काय, ते कोणाजवळ राहते, अडचणीत ते कोणाकडे जाते, हे प्रश्न विचारावेत. पुन्हा गुन्हा घडला नाही, एवढेच माप पुरेसे नाही. मूल गाव सोडून बेपत्ता झाले, तरीही कागदावर तेच दिसते. तसेच सुधारण्यास सोपी मुले निवडून मिळवलेले यश हे योजनेचे यश नव्हे. मध्येच सोडून गेलेल्यांची गणतीही झाली पाहिजे आणि मुलांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकले पाहिजे. मात्र चौकशीच्या निमित्ताने वस्तीत त्याचा बोभाटा होता कामा नये. मुलाची ओळख उघड करणे हा या कायद्याखाली अपराध आहे.

गावाचे कर्तव्य

सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बालक न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरविले असेल, त्याचा अपवाद वगळता, अपराधसिद्धीमुळे मुलाला कोणतीही अपात्रता येत नाही. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी देऊ नये, असा दंडक आहे. कायद्याने पाटी पुसली आहे. ती पुन्हा लिहिली जाते ती चावडीवर आणि शाळेच्या ओसरीवर. मुख्याध्यापकांनी प्रवेश देताना मागचे उकरून काढू नये. ग्राम बाल संरक्षण समितीने परतलेल्या मुलाच्या शाळेची वा कामाची विचारपूस शांतपणे करावी आणि अडचण दिसताच जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे. परिवीक्षा अधिकारी महिन्याकाठी एखादी भेट देऊ शकेल; सरपंच आणि शिक्षक त्या मुलाला रोज पाहतात. योजना शासन आखील, निधीही देईल. परंतु परतलेल्या मुलाला नावाने हाक मारावयाची की गुन्ह्याने, हे गावानेच ठरवावयाचे आहे.