हस्तिदंती पंखा : एक कूट प्रश्न

लिलावाच्या एका सचित्र सूचीत मी एका हस्तिदंती पंख्याचे छायाचित्र पाहिले. एकोणिसाव्या शतकातील, चीनमधील कँटन शहरी घडवलेला. माझ्या वहीत मी एकच शब्द लिहिला : 'सुंदर'. तो शब्द पुरेसा आहे काय, हे तपासण्यासाठी हा लेख.

या पंख्याला कागद नाही, कापडही नाही. आहेत त्या केवळ हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या. बुडाशी एक खिळा त्यांना जखडतो व वर रेशमी फीत त्यांना एकत्र ओवते. प्रत्येक पट्टीवर जाळीदार कोरीव काम असते : फुले, बागा, मनोरे, माणसे. मध्यभागी बहुधा एक ढाल कोरीत. तीत गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरे घालावयाची. कारागिराचे नाव मात्र सहसा कोठेच नसते!

१७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य सागरी व्यापाऱ्यांना चीनमध्ये मुख्यतः कँटनचेच बंदर खुले होते. चहा व रेशमाबरोबर असे पंखेही युरोप-अमेरिकेत गेले. पुढेही ते पुष्कळ बनत राहिले. मुंबईचे पारशी व्यापारीही कँटनला जात. पूर्व आफ्रिकेतील पुष्कळसे हस्तिदंत त्या शतकात मुंबईमार्गे पुढे जाई. म्हणजे या व्यापारापासून आपणही अगदीच दूर नव्हतो.

आता लिलावाकडे वळू. ब्रिटनमध्ये २०१८ साली झालेला हस्तिदंतविषयक कायदा २०२२ साली अंमलात आला. त्यानुसार संपूर्ण हस्तिदंती पंखा विकावयाचा तर तो १९१८ पूर्वीचा हवा. शिवाय त्याचे कलात्मक, सांस्कृतिक वा ऐतिहासिक मोल असामान्य असल्याचा दाखला हवा. तो तज्ज्ञांच्या अभिप्रायानंतर मिळतो आणि त्यात दुर्मिळताही पाहिली जाते. नुसते जुनेपण किंवा नुसती कारागिरी तेथे पुरत नाही.

येथे मी अडखळलो. सौंदर्यमीमांसेच्या तासाला 'कलामूल्य' हा शब्द आपण किती सहज वापरतो! येथे त्याच शब्दावर विक्री अवलंबून आहे. कठोर निकष लावावा, तर अनामिक कारागिराचे कष्ट 'सामान्य' ठरतात. सैल लावावा, तर हस्तिदंताची बाजारपेठ जिवंत राहते आणि जुन्याच्या आडून नवे खपते. मला कठोर निकषच योग्य वाटतो. कारागिराचा मान पंखा विकल्याने नव्हे, तो जपून अभ्यासल्याने राहील.

'सुंदर' हा शब्द मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे मात्र लिहिले आहे : 'आणि एका हत्तीचे दात'.