खाली आम्ही, वर भाडेकरू

आमच्या शहरातल्या गारखेडा भागात खाली स्वतः राहायचं, वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि हप्त्याला त्या पैशांचा हातभार लावायचा, हे गणित अनेक घरांत मांडलं जातं. आम्हीही जुनं दुमजली घर याच हिशेबाने घेतलं. कर्ज मंजूर होईपर्यंत जे कळत गेलं, ते असं.

१. बँक पगाराआधी जमीन बघते. इथल्या पुंडलिकनगरसारख्या भागात गुंठेवारीची वस्ती मोठी. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं नियमित करायची वाट मोकळी झाली. पण ‘फाइल महापालिकेत टाकलीय’ यावर कर्ज मिळत नाही. बॉण्डवर झालेला व्यवहारही चालत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि नियमितीकरणाचं प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

२. मूल्यांकनाला आलेल्या माणसाने टेप लावून खोल्या मोजल्या, जिन्याखालचे तिन्ही वीजमीटर बघितले आणि मग मंजूर नकाशा उघडला. गच्चीवरची पत्र्याची खोली नकाशात नव्हती. तिची किंमत त्याने धरलीच नाही. विकणारा मात्र तिचेही पैसे मागत होता! भाव ठरवण्याआधी नकाशा मागून घ्या.

३. सगळ्यात महत्त्वाचं भाड्याचं. रोख घेतलेलं भाडं बँकेच्या लेखी नसतंच. नोंदणीकृत भाडेकरार, खात्यात दरमहा जमा होणारी रक्कम आणि विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न, हे तिन्ही जुळलं तर त्यातला काही भाग पात्रतेत धरतात. किती, ते बँकेगणिक वेगळं. नोटरी केलेल्या करारावर भागवणारे पुष्कळ आहेत. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

४. स्वतःजवळची रक्कम. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के मिळू शकतात. जुन्या घराला बँका हात आखडता घेतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा यात येत नाही, ते खिशातूनच.

५. प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. त्यामुळे भाडं दाखवायला घाबरू नका.

६. विद्यार्थी परीक्षा संपली की खोल्या सोडतात, कंपनीतल्या मुलांची बदली होते. वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या असल्या तरी एकट्या पगारातून निघेल एवढाच हप्ता आम्ही ठरवला. भाडं आलं की मुद्दलात भरतो. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हे व्यवस्थापकाकडून मंजुरीपत्रात लेखी घेतलं आहे.